जुन्या पेट्रोल जीपला स्पार्कच येईना, कॉइल कंडेन्सर प्लग सगळं बदलून झालं

जीपवाला_औसा
राम राम मंडळी. आमच्याकडं आजोबांनी घेतलेली जीप हाय, सीजे थ्री बी, ती उंच बॉनेटची, कागदावर 1966 चं मॉडेल. अजून पेट्रोल इंजनवरच हाय. आमच्या भागातल्या बाकी जीपांना लोकांनी कवाच डिझेल इंजन टाकून घेतलं, आजोबांनी काय टाकू दिलं नाही. येळवस (वेळ अमावस्या) तोंडावर आलीय, दरवर्षी अंबिलाची बिंदगी, भज्जीचं पातेलं आन् घरातली पोरंसोरं ह्याच जीपमधून शेतात जातेत, आन् यंदा गाडी चालूच होईना गेलीय.

सोयाबीनची रास झाल्यापासून शेडातच उभी होती. बॅटरी चार्ज करून आणली, स्टार्टर मारला, इंजन मस्त फिरायलंय पण एक फट्ट सुदिक नाही. प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला तर ठिणगी नाही, चारी प्लगचं तेच. गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आधी प्लग बदलले, मग कॉइल (बॅटरीचा करंट हजारो व्होल्टचा करती ती) बदलली, मग कंडेन्सर, मग म्हणला सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडतेत-तोडतेत ते) खराब झालेत आन् ते पॉलिश पेपरनं घासले. फरक शून्य. आता म्हणायलाय डिस्ट्रिब्युटरच, म्हणजे चारी प्लगला करंट वाटणारी डबीच, नवीन टाका. ह्या मॉडेलचा नवीन मिळणार कुठं, आन् मिळाला तरी बिघाड त्यातच हाय हे कशावरून म्हणायचं? बॅटरी बारा व्होल्टची हाय, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतंय. सुरुवात कुठून करू सांगा.

काळीमाती
आधी फोटो टाका राव, जीपचा धागा आन् फोटो नाही म्हणजे काय! बाकी पेट्रोल हरिकेन इंजन अजून चालू ठेवलंय म्हणजे आजोबांना दंडवत. बॉनेट उंच कामून हाय माहीताय ना? इनलेट वॉल्व्ह हेडमधी वर आन् एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमधी, त्यामुळं इंजनची उंची वाढली न् विलीजवाल्यांनी (जीपची मूळ अमेरिकन कंपनी) 1953 ला बॉनेटच उचललं. 2.2 लीटरचं इंजन हाय, आवाज ऐकला की समजतंय.

गोदाकाठ
माझी पद्मिनी कार दोन पावसाळे उभी राहिली तेव्हा असंच झालं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल इतकं आहे की जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा सगळं खाऊन टाकतंय. टाकी रिकामी करा, ताजं पेट्रोल भरा, मग बघा.

मिस्त्रीमामा_पैठण
गोदाकाठ, पेट्रोलचं तुमचं म्हणणं खोटं नाही, पण त्यांच्या प्लगला ठिणगीच नाही. ठिणगी नसल्यावर टाकीत अत्तर भरलं तरी गाडी चालू व्हायची नाही. पेट्रोलचं मागून बघू.

औसेकर, आता एकही पार्ट विकत घेऊ नका. मी पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपला लागलो तेव्हा जायकवाडीचं धरण नुकतंच पुरं झालं होतं, 1976 साल, आन् कामावरच्या पेट्रोल जीपांची रांग आमच्याकडं यायची. आमच्या हेडमिस्त्रीचा नियम होता, बल्ब लावल्याबिगर पान्ह्याला हात लावायचा नाही. मल्टीमीटर कुणी बघितला होता तवा. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब घ्या होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी जोडा, एका वायरीला चिमटा लावून तो इंजनच्या स्वच्छ लोखंडाला पकडा, रंगावर नाही. दुसरं टोक हातात. झालं तुमचं मशीन.

आता प्लग चारी काढून ठेवा म्हणजे इंजन हलकं फिरेल, गाडी न्यूट्रलमधी, हँडब्रेक ओढलेला. चावी ऑन करा. कॉइलवर दोन बारके टर्मिनल असतेत, एकावर एसडब्ल्यू लिहिलंय, दुसऱ्यावर सीबी, काहींवर नुसतं अधिक आन् उणे असतंय. बल्बचं टोक आधी एसडब्ल्यूला लावा. पेटला तर चावीपासून कॉइलपर्यंत करंट येतोय. नाही पेटला तर कॉइलला शिव्या द्यायच्या नाहीत, बिघाड चावीत, फ्यूजमधी नाहीतर अँमीटरच्या नटात.

पेटला की मग टोक सीबीला लावा आन् दुसऱ्या माणसाला पुढून हँडल हळूहळू फिरवायला सांगा. पॉइंट मिटले की बल्ब विझला पाहिजे, उघडले की पेटला पाहिजे. उघडमीट, उघडमीट. तसं होतंय का न् नसलं तर काय होतंय एवढंच इथं लिहा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजननं उलटा झटका दिला तर अंगठा जातो, बघितलेलंय.

पुणेकर_मूळ_बीड
मामांचा बल्ब एक नंबर. फक्त एक जोड देतो. सीबीला बल्ब कायमच विझलेला राहिला तर दोन कारणं असू शकतात, एक म्हणजे कॉइलच्या आतली प्रायमरी (बारा व्होल्टची गुंडाळी) तुटली, किंवा पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठंतरी कायमचं अर्थ झालंय, म्हणजे कंडेन्सर शॉर्ट किंवा पॉइंटचा फायबर वॉशर फुटलेला. मग सीबीवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर काढून बल्ब परत लावायचा. आता पेटला तर कॉइल चांगली, दोष पुढे आहे. तरीही नाही पेटला तर कॉइल गेली.

आणि मिस्त्रीने कॉइल कुठली टाकली ते बघा. बारा व्होल्टच्या कॉइली दोन जातीच्या येतात. बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा बाहेरचा रोध) नको असलेली साधारण 3 ओहमची, बॅलास्ट लागणारी साधारण 1.5 ओहमची. दीड ओहमवाली बॅलास्टशिवाय लावली तर चालते, पण तापते आणि पॉइंट जाळते.

जीपवाला_औसा
मामा, तुम्ही म्हणलात तसं केलं, पुतण्या हँडलवर आन् मी बल्बवर. एसडब्ल्यूला बल्ब झक्क पेटला. सीबीला लावला तर तिथंबी पेटला, जरासा मंद, पण विझतच नाही! झाकण काढून ठेवलंय, पॉइंट उघडमीट व्हायलेत हे डोळ्यानं दिसतंय, पण बल्ब आपला पेटलेला ते पेटलेलाच. कॉइलवर 3 ओहम लिहिलंय, बॅलास्ट काय दिसेना.

पुतण्या म्हणायलाय काका दिवाळीचा आकाशकंदील झाला हा.

मिस्त्रीमामा_पैठण
झकास. निम्मं काम झालं. मंद पेटला कारण करंट कॉइलमधून फिरून येतोय, ते बरोबरच हाय. त्याचा अर्थ कॉइल आतून सलग हाय. जुनी कॉइल फेकली नसंल तर जपून ठेवा, बहुतेक तीबी चांगलीच निघणार.

बल्ब विझत नाही म्हणजे पॉइंट मिटले तरी करंटाला जमिनीची वाट सापडंना. कॉइलमधी करंट चढलाच नाही तर पॉइंट उघडल्यावर तुटणार काय? ठिणगी पडते ती करंट तुटल्यावर. पॉइंट मिटलेले असताना कॉइल भरते, उघडले की पाटाचं दार एकदम पाडल्यावर पाणी कसं उसळी मारतं तसा व्होल्टेज उसळतो, पंधरा-वीस हजारापर्यंत. ती उसळी पॉइंटवरच फुटू नाही म्हणून कंडेन्सर. तुमच्या गाडीत दार उघडतच नाही अशी गत झालीय.

आता वाट तुटली कुठं ते शोधायचं. बल्ब सीबीलाच राहू द्या. एक स्क्रूड्रायवर घ्या. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढून तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर धरा, पण हातानं नाही, लाकडाच्या चिमट्यानं नाहीतर कपडे वाळत घालायच्या प्लास्टिकच्या चिमट्यानं. मग डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या बाजूला जिथं बारकी वायर येऊन बसलीय तो नट स्क्रूड्रायवरनं बॉडीला टेकवायचा न् उचलायचा. त्यानंतर आत पॉइंटच्या हलत्या पात्याची स्प्रिंग खालच्या प्लेटला टेकवायची न् उचलायची. दोन्ही टायमाला बल्ब काय करतोय आन् जाड वायरीला ठिणगी पडतीय का, ते बघा.

काळीमाती
मामा, त्यांच्या मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं घासलंय ना, त्याची बारीक रेती पॉइंटवर बसली असणार. तेवढ्यानंबी बल्ब विझत नाही. आमच्या इथं जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा पेट्रोलमधी बुडवून पॉइंटच्या मधून ओढतेत, काळा डाग यायचा थांबेपर्यंत. लग्नपत्रिकेचा खरा उपयोग हाच.

जीपवाला_औसा
काळीमाती दादा, पत्रिका ओढून बघितली, काळं निघालं, पण बल्ब तसाच.

मग मामांचं केलं. बाहेरचा नट बॉडीला टेकवला की बल्ब विझला, आन् उचलला की जाड वायरीतून निळी ठिणगी, टक्क करून आवाज! इतक्या दिवसांनी ठिणगी बघून लई बरं वाटलं. पण आतल्या पात्याला प्लेटशी टेकवलं तर काहीच नाही. बल्ब पेटलेलाच. पात्याला थेट ब्लॉकशी लांब स्क्रूड्रायवरनं टेकवलं, तरी तेच.

पुणेकर_मूळ_बीड
ब्लॉकशी टेकवून बघितलंत ते फार बरं केलंत. त्यामुळे प्लेटच्या अर्थिंगचा संशय आत्ता तरी गेला. बाहेरच्या नटापर्यंत सगळं ठीक, आतल्या पात्याशी काही नाही. या दोघांच्या मध्ये फक्त एक बोटभर वायर आहे. तीच.

मिस्त्रीमामा_पैठण
बरोब्बर. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जी बारकी मऊ वायर जाते ती बघा. वरून चांगली दिसंल. हलक्या हातानं दोन्ही टोकं धरून ओढा.

जीपवाला_औसा
मामा तुमचे पाय कुठंयत! वरचं कापडी आवरण एकदम नवं असल्यासारखं, कुठं चिरलं नाही, जळलं नाही. पण ओढलं तर मधी एका जागी रबरासारखं लांबायलं. ब्लेडनं आवरण कापलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटून गेलेल्या, दोन टोकांमधी तांदळाच्या दाण्याएवढी फट. एवढ्यासाठी कॉइल, कंडेन्सर, प्लग. आता ह्या जागी काय टाकू? घरात वायरिंगची वायर पडलीय लालवाली.

उदगीर_रिवाइंडिंग
लाल वायर अजिबात नको भाऊ. ती जाड तारांची, कडक. तुमच्या डिस्ट्रिब्युटरला बाजूला व्हॅक्यूमची डबी हाय का? असली तर पॉइंटची प्लेट गाडी चालताना सारखी मागं-पुढं होत राहती, त्या हालचालीनंच जुनी वायर तुटलीय. कडक वायर टाकली तर एकतर प्लेट अडकणार नाहीतर महिन्याभरात परत तुटणार. मल्टीमीटरच्या तुटक्या लीडची वायर असती बघा, केसासारख्या बारीक तारांची, सिलिकॉनचं आवरण असलं तर अजून चांगलं, तापाला टिकतं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय, आम्ही तसलीच वापरतो. टोकाला लग (भोकाची पत्री) दाबून वरून डाग द्या, नुसतं पिळून ठेवू नका.

जीपवाला_औसा
हाव, डबी हाय. डिस्ट्रिब्युटर मूळचा नाही, आधी कवातरी बदललेला हाय म्हणं.

मिस्त्रीमामा_पैठण
वायर बसवताना एक ध्यानात ठेवा. वायरीचा लग पात्याच्या स्प्रिंगला चिकटला पाहिजे पण ज्या खुंटीवर तो बसतो तिला कुठंच शिवायला नको, म्हणून मधी फायबरचे दोन वॉशर असतेत, एक खाली एक वर. वॉशर वर-खाली झाला तर आत्ता बल्ब विझत नव्हता, मग पेटायचाच नाही. कंडेन्सरची वायरबी त्याच खुंटीवर येती. आन् प्लेटला बॉडीशी जोडणारी अजून एक तसलीच बारकी वायर असती काही डिस्ट्रिब्युटरमधी, तीबी ओढून बघा, वय दोघींचं सारखंच हाय.

बसवून झाल्यावर पॉइंटचा गॅप 0.5 मिलीमीटर, 20 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). कॅमचं टोक पात्याच्या खाली आलं की तवा मोजायचा. फीलर गेज नसलं तर शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडं असतंय, वॉल्व्ह सेट करायला ठेवतेत. प्लगचा गॅप 30 थाऊ.

जालन्याची_लेक
अवांतर आहे पण विचारते, गाडी 1966 ची म्हणजे पन्नास वर्षांच्या पुढची झाली. व्हिंटेज नोंदणी केलीत का? 2021 ला केंद्रानं नियम काढलेत, पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी वीस हजार. पण एक गोम आहे, मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आमच्या वडिलांनी म्हणूनच साधं नूतनीकरण करत राहायचं ठरवलं, दर पाच वर्षांनी.

काळीमाती
ताई, येळवसला पोरंबाळं घेऊन शेतात जाणं हे प्रदर्शनच हाय की, अख्खा तालुका बघतो.

जीपवाला_औसा
ताई, आमचंबी साधंच नूतनीकरण हाय, चालू हाय.

मंडळी, वायर बसवली. उदगीरच्या दादानं सांगितलं तसली मल्टीमीटरची लीड मिळाली, डाग देऊन घेतला. गॅप 20 थाऊ केला. आता बल्ब हँडलसोबत उघडमीट व्हायलाय, जाड वायरीला मस्त निळी ठिणगी. नाचतच झाकण लावलं, प्लग लावले, स्टार्टर मारला… काही नाही. प्लग काढून बघितला, ठिणगी नाही. कॉइलपाशी हाय, प्लगपाशी नाही! येळवस उद्यावर आली, आता मात्र डोकं चालंना गेलंय.

पुणेकर_मूळ_बीड
म्हणजे प्रायमरी बाजू सुटली, आता सेकंडरी, म्हणजे हजारो व्होल्टची बाजू. कॉइलची जाड वायर आणि प्लग यांच्यामध्ये झाकण, झाकणातला कार्बन, रोटर (झाकणाखाली फिरून एकेका प्लगच्या वायरीला करंट देणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरी एवढंच. चारही प्लगला एकदम नाही म्हणजे चारही वायरी खराब असण्यापेक्षा जे चौघांना सामायिक आहे त्यावर संशय घ्या. झाकणाच्या मधोमध आतून स्प्रिंगवाला कार्बन आहे का? कधी कधी तो पडून जातो नाहीतर अडकून बसतो.

तसा एक सल्ला, एवढी खटपट करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून टाका, पॉइंट कंडेन्सर दोन्हीची कटकट कायमची मिटेल.

मिस्त्रीमामा_पैठण
किट वाईट नाही, पण रोटर आन् झाकण किटवाल्या गाडीलाबी हेच राहतं, म्हणजे आजचा बिघाड किटनं सुटत नाही. आन् शेतात किट बंद पडलं तर बल्ब लावून काय बघणार? पॉइंट गेले तर कानशीनं घासून घरी तरी येता येतं. ज्याची त्याची आवड.

औसेकर, एक इचारतो. मागच्या साली गाडी चढावर मिस व्हायची का? सकाळच्या गारव्यात चालू व्हायला त्रास द्यायची का?

जीपवाला_औसा
व्हायची की मामा. भरलेली असली की चढावर फट् फट् करायची. मिस्त्री म्हणायचा कार्बोरेटर.

मिस्त्रीमामा_पैठण
मग रोटर बघा. झाकण काढा, रोटर जाग्यावरच राहू द्या. कॉइलच्या जाड वायरीचं टोक चिमट्यानं धरून रोटरच्या मधल्या पितळी पत्तीपासून पाव इंच वर धरा. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असतील अशा जागी इंजन आणा आन् फायबरच्या काडीनं, लाकडानंबी चालतं, पात्याला उघडमीट करा. रोटर चांगला असंल तर ठिणगी रोटरवर पडायची नाही, पडली तर एखादी बारीक, पहिलीच. दर टायमाला टक्क टक्क करून रोटरवरच उडी मारायली तर करंट रोटर फोडून खालच्या शाफ्टमधी चाललाय. प्लगपर्यंत पोचणार काय मग, डोंबल.

गोदाकाठ
ही टेस्ट मला पण नवीन. पद्मिनीवर करून बघणार.

जीपवाला_औसा
टक्क टक्क टक्क! दरवेळी रोटरवरच! काढून उलटा केला. आधी काही दिसंना, मोबाईलची टॉर्च आडवी मारली तवा दिसलं, पितळी पत्तीच्या खाली एक केसाएवढी काळी रेघ, वरून सुरू होऊन शाफ्ट बसतो त्या भोकापर्यंत गेलेली. पेन्सिलीनं ओढल्यासारखी. पुतण्यानं नखानं खरडली तर निघंना.

लातूरला सगळीकडं फोन केले, ह्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर कुणाकडंच नाही. एकजण म्हणला मारुतीचा बसवा, घासून बसतो.

मिस्त्रीमामा_पैठण
घासून काही बसवू नका. रोटरची उंची कमी-जास्त झाली तर एकतर झाकणाचा कार्बन मोडतो नाहीतर टोकाशी फट वाढती.

उदगीर_रिवाइंडिंग
तात्पुरतं करायचं असंल तर उपाय हाय, पण नीट करा. ती काळी रेघ म्हणजे जळून झालेला कार्बन, तो करंट वाहून नेतो. वरून काहीबी फासलं तर कार्बन आत तसाच राहतो न् दोन दिवसांत परत तेच. आधी सुईच्या टोकानं ती रेघ पूर्ण खरवडून काढा, पांढरं-तपकिरी साफ मटेरियल दिसेपर्यंत. मग थिनरनं पुसा, उन्हात वाळवा, आन् आम्ही मोटारीच्या वाइंडिंगला लावतो ते इन्सुलेटिंग वार्निश, ते दोन हात द्या. पहिला हात पुरा वाळल्यावरच दुसरा. तुमच्या औशातबी रिवाइंडिंगची दुकानं हायेत, सबमर्सिबल जळाली की शेतकरी तिथंच जातो ना, तो दोन चमचे वार्निश असंच देईल. पितळेला लागू देऊ नका तेवढं.

काळीमाती
मराठवाड्यात रोटर मिळणार नाही पण मोटार रिवाइंडिंगचं वार्निश कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणार, हे एकदम खरं.

गोदाकाठ
कायमचा रोटर पाहिजे असेल तर जुना नमुना सोबत घेऊन हैदराबादला जा, सिकंदराबादच्या रानीगंजमध्ये पार्टची दुकानं ढीगभर. आमच्या नांदेडहून रेल्वेनं रात्रीत जाता येतं. दिल्लीच्या काश्मिरी गेटला जीपचं सगळं मिळतं म्हणतात, पण नमुना न बघता फोनवर मागवाल तर हमखास दुसराच येतो.

जीपवाला_औसा
वार्निश मिळालं. पण वाळायला वेळ लागला, त्यात येळवस होऊन गेली. समदे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले, आजीनं दिवसभर टोमणे मारले.

आज रोटर बसवला. टेस्ट केली, ठिणगी रोटरवर पडंना. प्लगला ठिणगी आली! लावले, स्टार्टर मारला, तर कार्बोरेटरमधून फाट् करून जाळ बाहेर, मग सायलेन्सरमधून बंदुकीसारखा आवाज, कुत्री पळाली गल्लीतली. चालू काय होईना.

पुणेकर_मूळ_बीड
आग आहे, पण चुकीच्या वेळी. प्लगच्या वायरी मिस्त्रीने काढल्या होत्या का? क्रम 1-3-4-2 आहे या इंजिनाचा.

मिस्त्रीमामा_पैठण
आधी त्या कार्बोरेटरच्या जाळाचं बघा, एअर क्लीनर लावल्याबिगर स्टार्टर मारायचा नाही, जवळ ओलं पोतं ठेवा.

आता क्रम. विलीजच्या मूळ डिस्ट्रिब्युटरचा रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा फिरतो. तुमचा बदललेला हाय, तवा माझ्या शब्दावर जाऊ नका, झाकण काढून पुतण्याला हँडल मारायला सांगा आन् डोळ्यानं बघा. मिस्त्री लोक बाकी गाड्यांच्या सवयीनं घड्याळासारख्या वायरी लावतेत, म्हणजे 1-3-4-2 ऐवजी 1-2-4-3 होतंय, दोन नंबर आन् तीन नंबरची अदलाबदल. एक न् चार बरोबर राहतेत, म्हणून असं फाटफूट करतंय, पुरतं मुकंबी राहत नाही.

पहिला सिलिंडर वर आणा, प्लगच्या भोकावर अंगठा धरला की दाब कळतो, त्या टायमाला रोटर ज्या भोकाकडं बघतोय ती एक नंबरची वायर. तिथून पुढं रोटर फिरतो त्या दिशेनं तीन, चार, दोन.

टायमिंगबी त्याच बल्बानं होतं. बल्ब सीबीला लावून हँडल हळू फिरवायचं, टायमिंगची 5 डिग्रीची खूण काट्यासमोर आली त्याच क्षणाला बल्ब पेटला पाहिजे. आधी पेटला तर डिस्ट्रिब्युटर रोटर फिरतो त्याच दिशेनं जरासा सरकवायचा, उशिरा पेटला तर उलट दिशेनं. मग नट आवळायचा.

जीपवाला_औसा
चालू झालीऽऽऽ!

दोन आन् तीनच्याच वायरी उलट्या होत्या मामा. अदलाबदल केली, टायमिंग बल्बानं जुळवलं, अर्ध्या हँडलला चालू झाली, स्टार्टरची गरजच पडली नाही. पुतण्यानं व्हिडिओ काढलाय, रात्री टाकतो. आजी म्हणाल्या आता चालू करून काय उपेग, पण येऊन बसल्या पुढच्या सीटवर. गावाला चक्कर मारली, चढावरबी मिस होईना गेलीय. रोटर मात्र रानीगंजहून आणणारच, वार्निशवर किती दिवस काढणार.

मामा, अजून एक. अँमीटरची सुई एक्सलेटर दिला तरी मधीच राहायली, चार्जिंगकडं जाईना. आधी जायची.

मिस्त्रीमामा_पैठण
अभिनंदन. जुनी कॉइल आन् कंडेन्सर डब्यात घालून सीटखाली टाका, चांगलेच असणार.

चार्जिंगचं म्हणाल तर आधी पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ढिला हाय. तो आवळूनबी सुई हलली नाही तर डायनॅमो हाय का अल्टरनेटर ते लिहा आन् रेग्युलेटरचा फोटो टाका. पण ते नव्या धाग्यात, हा लई लांबला.

काळीमाती
आन् ह्या टायमाला फोटोसकट!